गरम होतंय म्हणून आपण नेमकं चुकीचंच काढतो

उन्हाळ्यात कुठल्याही साइटवर जाऊन बघा, दुपारी बाराच्या पुढे सगळ्यात आधी काय उतरतं तर हेल्मेट. मग हातमोजे. मग गॉगल जातो कपाळावर. आणि अंगात जो प्लास्टिकसारखा कव्हरॉल, म्हणजे मानेपासून पायापर्यंतचा एकसंध सूट, चढवलेला असतो, ज्याच्यात माणूस खरोखर उकडून निघतोय, तो मात्र तसाच, कारण तो काढायचा तर बूट काढा, चेन ओढा, परत घाला, एवढा कुटाणा कोण करणार. बरीच वर्षं मेहनतीच्या कामांवर काढल्यावर माझं पक्कं मत झालंय की आपण जे टोचतं, घसरतं, खाजवतं ते काढतो, आणि जे खरं तापवतं ते बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं. डोक्यात त्रास होतोय म्हणून डोक्यावरचं काढलं, इतका सरळ हिशोब असतो आपला.

आता हे तापणं म्हणजे नक्की काय ते आधी बघू, कारण त्याशिवाय पुढचं सगळं नुसतं उपदेशासारखं वाटेल. आपण घण मारतो, पोतं उचलतो, फावडं चालवतो तेव्हा शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली फार फार तर पाव कामाला लागते. बाकीची पाऊण आतल्या आत उष्णता होऊन बसते आणि ती बाहेर घालवावीच लागते. हवा गार असेल तर ती त्वचेवरून अशीच निघून जाते, पण हवा ३५ अंशांच्या आसपास गेली की त्वचा आणि हवा जवळपास सारख्याच तापमानाच्या होतात आणि तो रस्ता बंद. मग उरतो घाम. आणि घाम येऊन काहीही होत नाही बरं का, घाम वाळला पाहिजे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि तोच एक लिटर कपाळावरून टपकला किंवा बुटात साठला तर जवळपास काहीच नेत नाही. जड काम करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणजे एखादा माणूस नखशिखांत भिजलेला दिसला की आपण म्हणतो घाम येतोय ना, मग चांगलंय, तर तसं काही नसतं, भिजलेला म्हणजे न वाळलेला.

त्यामुळे कुठलाही सेफ्टीचा कपडा हातात घेतला की एकच प्रश्न विचारायचा, ह्याच्यातून वाफ बाहेर जाते का. जाड आहे की पातळ, रंग कुठला, वजन किती, हे सगळं नंतर.

ह्यावर चक्क आकडे काढून ठेवलेले आहेत आणि मला वाटतं हे आकडे प्रत्येक कामगाराला माहीत पाहिजेत, नुसते सेफ्टी ऑफिसरच्या फायलीत नाही. डब्ल्यूबीजीटी नावाचं एक माप असतं, वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर. १९५० च्या दशकात अमेरिकेत मरीन सैनिकांचं ट्रेनिंग चालायचं पॅरिस आयलंडला, तिथे पोरं उन्हात कोसळायला लागली तेव्हा हे माप पुढे आलं. त्यात साधं तापमान मोजत नाहीत, ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान ७० टक्के धरतात, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याचं २० टक्के आणि साध्या हवेचं फक्त १० टक्के. म्हणजे आपण मोबाइलवर जे तापमान बघून आज ४० आहे म्हणतो त्याला इथे दहा टक्केच किंमत, दमटपणाला सगळ्यात जास्त. ह्याच कारणाने ३३ अंशांचा दमट दिवस कधी कधी ४० च्या कोरड्या दिवसापेक्षा बेकार जातो. आणि हा डब्ल्यूबीजीटी साधारण २८ झाला की मध्यम मेहनतीचं काम, तेही उन्हाची सवय असलेल्या माणसाने, सलग करण्याची हद्द आली असं धरतात. जड कामाला २६. सवय नसलेल्याला आणखी कमी.

आता मजा पुढे आहे. हे आकडे साध्या सुती कपड्यांसाठी आहेत. अंगात दुसरं काही असेल तर मोजलेल्या डब्ल्यूबीजीटीत वरून अंश मिळवायचे. साधी कापडी डांगरी किंवा बॉयलर सूट, शून्य, काहीच मिळवायचं नाही. ते पांढरे पातळ वापरून फेकायचे कव्हरॉल असतात त्यातल्या हवा जाऊ देणाऱ्याला अर्धा अंश, पॉलिओलेफिन नावाच्या प्लास्टिकच्या, थोड्या घट्ट कव्हरॉलला एक अंश. दुहेरी जाड कापड घातलं तर तीन. आणि ज्याच्यातून वाफ अजिबात जात नाही असा केमिकलवाला सूट असेल तर अकरा. हो, अकरा! सूटलाच डोकं झाकणारी टोपी असेल तर आणखी एक. म्हणजे सकाळचा डब्ल्यूबीजीटी २४ आहे, मस्त वारा आहे, बाकीचे आरामात काम करतायत आणि सूटमधला माणूस मात्र ३५ मध्ये उभा आहे, आणि त्याला बाहेरून बघणाऱ्याला ते कळणारही नाही.

अर्धा आणि अकरा. एकाच रॅकवर शेजारी शेजारी लटकलेले दोन पांढरे सूट, लांबून सारखेच दिसतात. त्यामुळे धूळ उडणाऱ्या कामाला कुणीतरी केमिकलवाला जाड सूट आणून देतो, ‘जास्त सेफ’ म्हणून, तेव्हा मला खरंच राग येतो. धुळीसाठी हवा जाणारा सूट पुरतो. ज्या धोक्यासाठी जे लागतं तेच द्या ना, वरचा नंबर दिला म्हणजे जास्त काळजी घेतली असं होत नाही, उलट माणूस अर्ध्या तासात चेन उघडून कमरेला बांधून काम करतो आणि मग तो सूट असून नसल्यासारखा.

हेल्मेटचं काय मग? अख्ख्या अंगाच्या पृष्ठभागात डोक्याचा वाटा दहा टक्केसुद्धा नसतो. हेल्मेट काढून शरीराचं आतलं तापमान फार काही उतरत नाही, आणि उन्हात तर ते काढलं की डोक्यावरची सावलीच काढली. त्रास होतो तो कपाळावरच्या पट्टीचा, घाम झिरपून डोळ्यात जातो त्याचा, आणि मागची गोल चावी जास्त आवळली की कानशिलं ठणकतात त्याचा. ह्या सगळ्यावर उपाय आहेत. कपाळाची घाम शोषणारी पट्टी बदलता येते, धुता येते, हे कितीतरी लोकांना माहीतच नसतं, ती काळी कुळकुळीत होऊन वास मारेपर्यंत तीच. पांढरं किंवा फिकट हेल्मेट घ्यायचं. भोकं असलेलं हेल्मेट मिळतं, पण विजेच्या कामाला ते चालत नाही, तिथे बंदच लागतं. मानेवर पडणारा कापडी पडदा हेल्मेटला लावायचा मिळतो, तो उन्हात फार कामाचा. मात्र गार वाटावं म्हणून जाडा ओला टॉवेल हेल्मेटच्या आत कोंबायचा नाही, कारण कवच आणि आतल्या पट्ट्यांच्या मधे जी मोकळी जागा असते तीच तर मार झेलते, ती भरून टाकली की वरून पडलेला पाना सरळ कवटीला हिशोब विचारतो. आणि ड्रिलने स्वतः भोकं पाडणारे महाभाग पण बघितलेत मी, त्यांना कोपरापासून नमस्कार.

(जाता जाता, बुलार्ड नावाच्या माणसाने १९१९ मध्ये खाणकामगारांसाठी जी टोपी बाजारात आणली ती वाफवलेला कॅनव्हास आणि डिंक वापरून केलेली होती, वर काळा रंग. काळा! आपण फिकट हेल्मेटमध्ये कुरकुर करतो.)

हातमोज्यांचं मात्र जरा वेगळं आहे, तिथे तक्रार खरी आहे. तळहातातून शरीर बरीच उष्णता बाहेर टाकू शकतं, तिथल्या रक्तवाहिन्या त्यासाठीच खास असतात, म्हणून हात झाकले की फरक पडतो. शिवाय आत घाम साठला की पकड सुटते, फोड येतात, आणि वेल्डिंग किंवा विजेच्या कामात ओला मोजा म्हणजे शॉकला आमंत्रण. म्हणून एकच जोडी दिवसभर वापरणं हेच चूक आहे, दोन-तीन जोड्या पाहिजेत, एक हातात आणि बाकीच्या सावलीत वाळत. आणि कामाला चालत असेल तर ज्याचा फक्त तळवा रबरात बुडवलेला आणि पाठ नुसती विणलेली असते तसा मोजा घ्यावा, पूर्ण रबरी कशाला. आणि सुट्टीत मोजे काढून हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवून बसायचं, हा उपाय अग्निशमन दलातली माणसं वापरतात, आगीतून बाहेर आल्यावर. फुकटातला उपाय आहे आणि अंगावर पाणी मारण्यापेक्षा जास्त टिकतो असा माझा अनुभव. तोंडावर पाणी मारलं की दोन मिनिटं बरं वाटतं, आत काही बदलत नाही.

गॉगलवर धुकं येतं ही पण खरी अडचण, आणि ती धोकादायक, कारण न दिसणारा माणूस ग्राइंडर चालवतोय. चेहऱ्याची गरम दमट हवा काचेवर बसते तेव्हा धुकं धरतं. मास्क वरून नीट दाबलेला नसेल तर श्वास सरळ वर गॉगलमध्ये जातो, म्हणून अर्ध्या वेळा दोष गॉगलचा नसून मास्कच्या नाकावरच्या पत्तीचा असतो, ती दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. अँटीफॉग कोटिंगवाला गॉगल घ्यावा आणि तो घामट शर्टाने पुसू नये, चरे पडतात आणि कोटिंगही जातं. मास्क घामाने ओला झाला की श्वास ओढायला जड जातं, तेव्हा तो बदलायचा, वाळवून परत नाही. धुळीच्या कामाला श्वास बाहेर सोडायची झडप असलेला मास्क उन्हाळ्यात खूपच सुसह्य असतो. त्याहून भारी म्हणजे धूळच उडू न देणं, कापताना पाण्याची धार सोडली तर मास्क हलका चालून जातो आणि कापणारा माणूसही तेवढाच गार, पण हे सांगायला गेलं की चिखल होतो म्हणतात.

एक गोष्ट ठळकपणे सांगायची राहिली असती, आतल्या कपड्यांची. हल्ली स्पोर्ट्सवाले टीशर्ट सगळे घालतात, घाम पटकन वाळतो, अंगाला चिकटत नाही, छान आहेत, मी पण घालतो. पण वेल्डिंग, कटिंग, गरम धातू, विजेचे पॅनल, असल्या कामाला तो पॉलिएस्टरचा टीशर्ट आत असणं फार वाईट. सुती कापड जळतं, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. बाहेरून आग न पकडणारं जॅकेट घातलं तरी आतलं चिकटू शकतं. तिथे आत सुती नाहीतर त्या कामासाठीच बनवलेलं.

गार करणारे जॅकेट हा आता नवा नाद. ओलं करून घालायचं जॅकेट कोरड्या हवेत उत्तम, दमट हवेत जेमतेम, आणि वाफ न जाणाऱ्या सूटच्या आत अगदीच निरुपयोगी, कारण पाणी वाळणार कुठे. तिथे बर्फाच्या किंवा तसल्या थिजणाऱ्या जेलच्या पिशव्यांचं जॅकेट चालतं, पण ते वितळेपर्यंतच, आणि मग ते नुसतं ओझं. कमरेला दोन पंखे असलेलं फुगणारं जॅकेट जपानमध्ये निघालं, सोनीत काम केलेल्या एका इंजिनिअरच्या डोक्यातून, आता तिथे बांधकामावर सर्रास दिसतं. कल्पना साधी आहे, हवा गार करायची नाही, घामावरून वारा फिरवायचा. पण ठिणग्या उडतात तिथे ते घालू नका, पंखा ठिणगी आत ओढतो, आणि वरून साधा बेल्ट-हार्नेस आवळला तर जॅकेट फुगतच नाही.

आता हे सगळं झालं सामानाचं, आणि सामानाने फार तर थोडी कड काढता येते. खरी चावी घड्याळात आहे. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला आला तेव्हा डॉक्टर-नर्स लोक जो सूट घालायचे त्यात एक चौरस इंचसुद्धा त्वचा उघडी नसायची. त्यांना गरम होतं म्हणून मास्क खाली करा असं कुणी म्हणू शकत नव्हतं, सरळ जिवाशी गाठ. मग काय केलं, तर वेळ कापली. तासाभराच्या आसपास आत, की बाहेर, दुसरी टीम आत. मला ह्या गोष्टीत सगळं उत्तर दिसतं. धोका कमी होत नसेल आणि कपडा कमी करता येत नसेल तर मग वेळच कमी करावी लागते, तिसरी गोष्टच नाही कमी करायला. आणि आपल्या कामांवर नेमकं हेच होत नाही, शिफ्ट तेवढीच, टार्गेट तेवढंच, नगावर पैसे असतील तर माणूस स्वतःच थांबत नाही, आणि वरून बोर्ड, सेफ्टी फर्स्ट. मग माणूस आपल्या परीने जे हातात आहे ते कमी करतो, म्हणजे हेल्मेट काढतो. त्याला बेशिस्त म्हणायचं आणि दंड लावायचा हे सोपं आहे. दंड लावणारा स्वतः अर्ध्या बाह्यांच्या शर्टात केबिनच्या दारात उभा असतो हा आणखी एक भाग.

सुट्टी कशी घ्यायची हेही असतंच. सावलीत बसलात पण सूट बंदच, तर ती सुट्टी अर्धीच, कमरेपर्यंत उघडा, बूट सैल करा, वारा लागू द्या. केमिकल असेल तर आधी सूट बाहेरून साफ करायचा, स्वच्छ जागेत काढायचा, हे आलंच. आणि सावली लांब असेल तर कुणीही जात नाही, कितीही नियम करा, चालत जाऊन चालत येण्यातच सुट्टी संपते. एक ताडपत्री कामाच्या शेजारी बांधली तर जेवढा फरक पडतो तेवढा दहा भाषणांनी पडत नाही.

पाण्याचं सगळ्यांना माहीत असतं आणि तरी गडबड होते. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ग्लास, तहान लागायची वाट न बघता. पण तासाला दीड लिटरच्या वर नाही, कारण नुसतं पाणीच पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेततं, सलग बरेच तास घाम जात असेल तर ओआरएससारखं काहीतरी मधे पाहिजे. पीपीईमध्ये, म्हणजे ह्या सगळ्या सेफ्टीच्या सामानात, अडचण अशी की हात घाण, मास्क तोंडावर, सगळं काढल्याशिवाय बाटलीला तोंड लावता येत नाही, मग लोक पाणीच टाळतात. बायका तर संडासाची सोय नाही म्हणून सकाळपासूनच पीत नाहीत, आणि ह्यावर टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू करायच्या आधीच्या सेफ्टीच्या छोट्या बैठकीत, कधी कोणी अवाक्षर काढत नाही. संडास जवळ असणं ही पण उन्हाची सेफ्टीच आहे.

आणि नवीन माणूस! ह्याच्यावर तर वेगळं लिहायला पाहिजे. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा खात्याचं म्हणणं आहे की उन्हाने जे कामगार मरतात त्यातले जवळजवळ निम्मे पहिल्याच दिवशी मरतात. पहिल्याच दिवशी. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. म्हणून नवीन माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पूर्ण दिवसाच्या २० टक्केच द्यायचं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवायचं असं ते सांगतात. जुना माणूस आठवडाभर सुट्टीवर जाऊन आला तर त्यालाही ५०, ६०, ८० असं चढत जायचं. आपल्याकडे उलटं, नवीन पोराला पहिल्या दिवशीच ‘बघू किती दम आहे’ म्हणून सगळ्यात जड काम, आणि तो पण पाणी मागायला लाजतो. आणि हेही लक्षात ठेवा की सवय झालेल्या माणसाचा फायदा वाफ जाणाऱ्या कपड्यातच, बंद सूटमध्ये त्याचा जास्तीचा घाम बुटातच जाणार, तिथे जुना काय नवा काय.

शेवटचं, कोसळलेला माणूस. उष्माघातात घाम थांबतो, अंग कोरडं पडतं, असं आपण ऐकलेलं असतं, पण मेहनत करताना उष्माघात झालेला माणूस चिंब भिजलेला असू शकतो. त्यामुळे घामाकडे बघू नका, बोलण्याकडे बघा. असंबद्ध बोलणं, उगाच चिडणं, हातातलं अवजार सारखं पडणं, सरळ चालता न येणं. तोंड मास्क-गॉगलच्या मागे असतं, चेहरा दिसत नाही, म्हणून जोडीने काम करा आणि अधूनमधून काहीतरी विचारत राहा, उत्तर नीट येतंय का बघा. शंका आली की अँब्युलन्सला फोन एकाने करायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी त्याचं सगळं काढायचं, हेल्मेट, जॅकेट, बूट, सूट कापावा लागला तर कापायचा, आणि पूर्ण अंगावर जितकं गार पाणी मिळेल तितकं ओतायचं, बर्फ असेल तर बर्फ, वारा घालायचा. हौद किंवा मोठं टब असेल तर मान वर धरून सरळ त्यात बसवायचं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि ते पहिल्या अर्ध्या तासात खाली आणलं तर माणूस बहुतेक वाचतो, म्हणून गाडी येईपर्यंत थांबून बघत बसायचं नाही आणि गार न करता गाडीत कोंबायचंही नाही. ह्यासाठी पाणी, बर्फाची पेटी आणि कात्री कुठे ठेवलीय हे काम सुरू करायच्या आधीच सगळ्यांना दाखवून ठेवा, कात्री तर हमखास सापडत नाही.